घरी परतलेला परका

आमच्या हायस्कुलात वरच्या वर्गांस दरवर्षी जे निबंध घातले जातात, त्यांत "परदेशगमनाचे फायदे" हा विषय जवळजवळ ठरलेलाच असतो. विद्यार्थीही तो मोठ्या उत्साहाने लिहितात. ज्ञान वाढते, धन मिळते, अंगी साहस येते, कूपमंडूकवृत्ती जाते, अशी त्यांची मुद्द्यांची माळ असते व आम्हीही ती तपासून गुण देतो. परंतु इतक्या वर्षांत "परदेशाहून परतणे" असा विषय आम्ही एकदाही घातला नाही. जाणारा मनुष्य केव्हातरी परत येणार, कधी स्वखुशीने येणार तर कधी त्यास धक्के मारून पाठविले जाणार, हा विचार आमच्या मनास शिवला नव्हता. तो शिवला तो एका लहानशा प्रसंगाने, व त्यात आमची बाजू मुळीच शोभणारी नाही. तरीही तो प्रसंग प्रथम सांगितल्यावाचून पुढील विवेचनास हात घालणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

आमचा एक जुना विद्यार्थी आखातात नोकरीस गेला होता. आईचे दागिने गहाण टाकून व नातलगांकडून उसने घेऊन त्याने एजंटाचे पैसे भरले होते. तेथे पोहोचल्यावर त्यास कळले, की आपल्या हाती दिलेला परवाना नोकरीचा नसून केवळ पाहुण्याचा आहे. मुदत संपल्यावर तो चोरून राबत राहिला, पकडला गेला, आणि सातव्या महिन्यात त्यास परत पाठविण्यात आले. शाळा सोडल्याचा मूळ दाखला एजंटाकडेच राहिलेला. म्हणून त्याची दुसरी प्रत मागण्यासाठी तो एके दिवशी कचेरीत आला. त्यास पाहताच आम्ही हसतमुखाने विचारले, "अरे, केव्हा आलास? आणि आता परत कधी जाणार?" आमच्या भागात परदेशी गेलेल्या माणसास हा प्रश्न सौजन्य म्हणून विचारतात. तो खाली मान घालून म्हणाला, "सर, आता जायचं नाही. मला त्यांनी परत पाठवून दिलं." कचेरीतील एक दोघे गालांतल्या गालांत हसले. आम्ही दाखला लिहून दिला, शिक्का मारला. परंतु त्यास बसावयास सांगितले नाही. दोन वर्षांपूर्वी पहिल्या पगाराचे पेढे घेऊन एक मुलगा तेथूनच आला असता, त्यास आम्ही आपल्या शेजारची खुर्ची दिली होती. हा भेद आमच्या ध्यानात त्या रात्री आला. पुढे असेही कळले, की मुलगा रजेवर आला आहे असे त्याची आई शेजाऱ्यांस सांगते, आणि तो दिवस मावळल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

हा एकाच मुलाचा प्रश्न असता तर आम्ही तो मासिकाच्या पानांत आणला नसता. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे एक लष्करी विमान अमृतसरच्या विमानतळावर उतरले. त्यात १०४ भारतीय होते. हरियाणा व गुजरात येथील प्रत्येकी ३३, पंजाबातील ३०, आणि आपल्या महाराष्ट्रातील ३. योग्य परवान्यावाचून त्या देशात शिरले वा राहिले, हा त्यांचा अपराध. हातांत बेड्या व पायांत साखळ्या घालून त्यांस आणले, हे ऐकून देशभर संताप झाला. त्याच महिन्याच्या १५ व १६ तारखांस आणखी दोन विमाने आली. तिन्ही मिळून तीनशेहून अधिक माणसे या रीतीने मायदेशी पोहोचली. यांपैकी अनेकांचा जाण्याचा मार्ग ज्यास तिकडे "डंकी" म्हणतात तो होता. दक्षिण अमेरिकेतील एखाद्या देशात विमानाने उतरावयाचे, तेथून कोलंबिया व पनामा यांच्या सीमेवरील दारिएनचे दलदलीचे अरण्य पायी तुडवावयाचे, आणि एका दलालाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात जात मेक्सिकोची हद्द गाठावयाची. या यातनांसाठी तीस लाखांपासून पन्नास लाखांपर्यंत रुपये मोजल्याचे अनेक कुटुंबांनी वर्तमानपत्रांस सांगितले. कोणी जमीन विकली, कोणी घर गहाण टाकले.

परराष्ट्रमंत्र्यांनी दुसऱ्याच दिवशी राज्यसभेत सांगितले, की ही गोष्ट नवी नाही. २००९ पासून १५,७५६ भारतीय अमेरिकेने याप्रमाणे परत पाठविले आहेत. २०१९ या एकाच वर्षी ही संख्या २,०४२ होती. म्हणजे पंधरासोळा वर्षे माणसे परत येतच होती; बेड्यांची छायाचित्रे पाहिली तेव्हाच आपण जागे झालो. आणि जागे होऊन आपण वाद कशाचा केला? बेड्या घालाव्यात की घालू नयेत, विमान लष्करी असावे की साधे असावे, याचा. तो वाद अस्थानी नव्हता. मनुष्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न लहान नाही. परंतु विमानतळाच्या दारातून बाहेर पडल्यावर या माणसांचे काय झाले, त्यांनी कर्ज कसे फेडावे, गावात तोंड कसे दाखवावे, हे विचारणारे फार थोडे निघाले. परत पाठविणाऱ्या सरकारचे काम एका दिवसात संपते. परत आलेल्याचे काम त्या दिवशी सुरू होते.

आमच्या देशास तर या कामाचा शंभर वर्षांहून जुना अनुभव आहे, आणि त्यात गौरवाची उदाहरणे आहेत तशी लाजेचीही आहेत. विद्यार्थ्यांनी दोन्ही जाणली पाहिजेत.

१८३४ पासून १९१७ पर्यंत कराराने बांधलेले बारा तेरा लाख भारतीय मजूर मॉरिशस, गियाना, त्रिनिदाद, नाताळ, सुरिनाम, फिजी इत्यादी वसाहतींत उसाच्या मळ्यांवर पाठविले गेले. ॲग्रीमेंट या शब्दाचा अपभ्रंश होऊन त्या कराराचे नाव "गिरमिट" पडले व मजूर गिरमिटिये झाले. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्यांत आपले मराठी लोकही होते व त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणवितात. यांपैकी बहुतेक तेथेच राहिले. पण सर्वच नव्हे. एकट्या ब्रिटिश गियानात सुमारे २,३९,००० लोक गेले, त्यांतून सुमारे पाऊण लाख परत आले. कराराची वर्षे भरली की परतीचे भाडे मिळे, आणि मातृभूमीची ओढ तर होतीच.

ते आले, आणि त्यांस काय आढळले? समुद्र ओलांडला म्हणून जातीने बाहेर काढलेले. शुद्धीच्या जेवणावळींत साठविलेले पैसे संपलेले. परक्या देशात दुसऱ्या जातीत वा प्रांतात केलेले विवाह गावास अमान्य. मुलांच्या तोंडी निराळीच भाषा. आणि पिढ्यान्पिढ्यांच्या हिवतापास त्यांची शरीरे अपरिचित. १९२०-२१ च्या सुमारास फिजी, गियाना वगैरे ठिकाणांहून आलेले असे शेकडो लोक कलकत्त्याच्या गोदीजवळील मटियाबुर्ज या वस्तीत येऊन अडकले. गाव त्यांस घेईना, शहरात काम मिळेना. ते पुन्हा कलकत्त्याच्या धक्क्याकडे का आले, हे विचार करण्यासारखे आहे. ज्या मळ्यांवर त्यांनी गुलामासारखे दिवस काढले होते, त्याच मळ्यांकडे आम्हांस परत न्या, अशी त्यांची विनवणी होती. अखेर काहींस परत नेण्याची व्यवस्था करावीही लागली. दीनबंधु चार्ल्स अँड्र्यूज यांनी गिरमिटीची पद्धत बंद पाडण्यासाठी जिवाचे रान केले होते. आपण ज्यांस सोडविले ते पुन्हा त्याच जहाजाकडे धावतात, हे मटियाबुर्ज येथे त्यांस आपल्या डोळ्यांनी पाहावे लागले. या लोकांची दुःस्थिती त्यांनी वारंवार जगापुढे मांडली. तिचा दोष परक्या मळेवाल्यावर ढकलता येण्यासारखा नव्हता. तो आपल्या घरचा होता.

दुसरे उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे. तेथील सरकारास भारतीयांची संख्या कमी करावयाची होती. १९२७ च्या केपटाउन करारान्वये, जो भारतीय देश सोडून जाईल त्यास भाडे व शिवाय प्रौढ माणसास २० पौंड व मुलास १० पौंड द्यावयाचे ठरले. नाव "साहाय्याने स्वदेशगमन" असे गोड होते. पण ज्यांचा जन्म नाताळात झाला, ज्यांनी भारताचा किनारा कधी पाहिला नाही, त्यांचा स्वदेश कोणता? १९३१ साली भवानी दयाळ संन्यासी व बनारसीदास चतुर्वेदी यांनी या परतलेल्या लोकांची चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला. भवानी दयाळ हे स्वतः जोहान्सबर्ग येथे जन्मलेले, एका गिरमिटियाचे पुत्र. त्यांस हे दुःख पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. हातचे पौंड थोडक्या दिवसांत संपले, धंदा सापडला नाही, वसाहतीत जन्मलेल्या मुलाबाळांचे तर फारच हाल झाले, असे त्यांनी दाखविले व ही योजना निषिद्ध ठरविली. रोख रक्कम हाती ठेवली म्हणजे पुनर्वसन झाले, ही समजूत त्या अहवालाने खोटी पाडली आहे. तरी ती अद्याप पुष्कळांच्या मनांतून गेलेली दिसत नाही.

आता गौरवाचे उदाहरण पाहू. १९१० साली ट्रान्सवालच्या सरकारने सत्याग्रही भारतीयांस पकडून जहाजाने हद्दपार केले. त्यांतील अनेक तमिळ होते, व कित्येकांस मद्रासेत ना घर होते ना ओळख. त्यांस मद्रासेत आधार दिला तो जी. ए. नटेसन यांनी. हे "इंडियन रिव्ह्यू" या मासिकाचे संपादक; ते सरकारी अधिकारी नव्हते, वा मोठे धनिकही नव्हते. हद्दपार होऊन आलेल्यांची राहण्याजेवणाची सोय, विचारपूस, पुढची तजवीज, हे सर्व त्यांनी अंगावर घेतले. ते लोक गुन्हेगार म्हणून आलेले असता मद्रासने त्यांस पाहुणे मानिले. त्यांपैकी पुष्कळजण पुन्हा लढ्यासाठी आफ्रिकेस निघाले, आणि बंदरोबंदरी उतरू न दिल्यामुळे हाल सोसून नारायणस्वामी हा त्यांतील सत्याग्रही ऑक्टोबर १९१० मध्ये डेलागोआ बे येथे मरण पावला. नटेसन यांचे उपकार गांधीजींनी आपल्या आफ्रिकेतील लढ्याच्या इतिहासात कृतज्ञतेने नमूद केले आहेत. मटियाबुर्ज आणि मद्रास यांत अंतर कशाचे होते? दोन्हीकडे माणसे रिकाम्या हातांनीच उतरली. मद्रासच्या धक्क्यावर त्यांची वाट पाहणारे कोणीतरी होते, इतकेच.

स्वतंत्र भारतासही हा प्रसंग आला. ऑक्टोबर १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री व श्रीमती सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार होऊन, सिलोनच्या चहामळ्यांतील भारतीय वंशाच्या ५,२५,००० लोकांनी भारतात यावे व ३,००,००० लोकांनी तेथे राहावे असे ठरले. मागाहून १९७४ मध्ये उरलेल्या दीड लाखांची निम्मीनिम्मी वाटणी झाली. जिवंत माणसांची अशी वाटणी करावी काय, हा प्रश्न निराळा. आम्हांस येथे एवढेच दाखवावयाचे आहे, की ज्यांस निलगिरीतील सरकारी चहामळ्यांत काम मिळाले, त्यांस निदान हाताला ठाऊक असलेला धंदा तरी लाभला. उलट ज्यांच्या हाती लहानशा व्यापारासाठी कर्ज ठेविले, त्यांनी जन्मात कधी तागडी धरलेली नव्हती. त्यांपैकी अनेकांचे ते भांडवल पहिल्या काही महिन्यांतच पोटात गेले. चहाची पाने खुडणाऱ्यास दुकानदार करण्यापेक्षा त्याची कला त्याच्या उपयोगी आणणे शहाणपणाचे, हा त्यातला बोध आहे.

माणसे आणण्याच्या कामात आपण कुशल झालो आहोत, हे कबूल केलेच पाहिजे. १९९० साली कुवेतवर संकट आले तेव्हा सुमारे १,७०,००० भारतीय विमानांनी परत आणिले गेले. त्यांत गोव्याचे व कोकणचेही कुटुंबवत्सल लोक होते. आणल्यानंतरच्या कामात मात्र केरळाखेरीज फारसे कोणी लक्ष घातले नाही. त्या राज्याने १९९६ मध्ये परदेशस्थ केरळीयांसाठी स्वतंत्र खाते उघडले आणि परत आलेल्यांस उद्योगासाठी कर्ज व त्यात सवलत देण्याची योजना चालविली. योजना स्तुत्य आहे. तथापि तिचा लाभ निदान दोन वर्षे परदेशी काम केलेल्यास मिळतो. जो सातव्या महिन्यात परत पाठविला गेला, ज्याची कमाई शून्य व कर्ज पूर्ण, त्यास ही अट लागू पडत नाही. फिलिपीन्स देशाने २०२१ च्या कायद्याने परदेशी काम करणाऱ्यांसाठी एक संपूर्ण सरकारी खातेच निर्माण केले, व परतलेल्यांस पुन्हा समाजात रुजविणे हे त्याच्या कर्तव्यांत घातले. आपल्यापेक्षा लहान व गरीब म्हणविणाऱ्या देशास जे सुचले, ते आपणांस सुचू नये काय?

येथे कोणी म्हणेल, "हे लोक कायदा मोडून गेले; त्यांचा पुळका कशाला?" हा आक्षेप पोकळ नाही. कोणत्या परक्यास आपल्या हद्दीत राहू द्यावे हे ठरविण्याचा हक्क प्रत्येक राज्यास आहे, आणि परवान्याशिवाय जाणे चूक आहे, हे आम्ही विद्यार्थ्यांस निःसंदिग्धपणे सांगतो. परंतु त्या चुकीची शिक्षा त्यांनी भोगली आहे. पैसा गेला, वर्षे गेली, बेड्या पडल्या. आपल्या देशात पाऊल ठेवणे हा तर काही गुन्हा नव्हे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील तेराव्या कलमाने स्वदेशी परतण्याचा हक्क प्रत्येक मनुष्याचा मानिला आहे. असे असता, अमृतसरला उतरलेल्यांस नेण्यासाठी एका राज्याने कैद्यांची गाडी पाठविली म्हणून त्या वेळी टीका झाली. त्याच विमानतळावर पगडीवाचून उतरलेल्या शिखांस शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीच्या लोकांनी पगड्या दिल्या व लंगरचे अन्न दिले. आम्हांस तेथे मद्रासचे नटेसन पुन्हा भेटल्यासारखे वाटले.

आणि कायदा मोडणाऱ्यांची मोजणी करावयाचीच तर पहिले नाव कोणाचे घालावे? १९८३ च्या परदेशगमन कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्यास सरकारी नोंदणी सक्तीची आहे. तरीही विनानोंदणीचे दलाल तालुक्याच्या गावी पाट्या लावून बसतात. मुलगा पकडला जातो, बेड्यांत येतो, त्याचे छायाचित्र छापले जाते. दलालाचे छायाचित्र क्वचितच छापले जाते, व तो पुढच्या मुलाच्या बापाशी सौदा करीत असतो.

दुसरा आक्षेप असा, की येथे राहून प्रामाणिकपणे कष्ट करणाऱ्यास काही नाही आणि परत आलेल्यास मदत, हा अन्याय होय. आमच्या मते येथे भिक्षा देण्याचा प्रश्नच नाही. तीन गोष्टी हव्यात. पहिली, फसवणुकीने घेतलेले पैसे दलालाकडून परत मिळविण्यासाठी पोलिसांत व कोर्टात कोणीतरी बरोबर उभे राहावे. एकट्या शेतकऱ्याच्या मुलाचे तेथे कोणी ऐकत नाही. दुसरी, खाजगी सावकाराचे जबर व्याजाचे कर्ज सरकारी वा सहकारी पेढीच्या सौम्य कर्जात फिरवून द्यावे, म्हणजे तो घाईने दुसऱ्या दलालाच्या दारी जाणार नाही. माणूस पुन्हा डंकीच्या वाटेस लागतो तो बहुधा हौसेने नव्हे, तर डोक्यावरचे कर्ज दुसऱ्या कोणत्याही वाटेने फिटत नाही म्हणून. तिसरी, त्याच्या हातास जे काम ठाऊक आहे त्याचा दाखला देऊन त्यास त्या कामावर लावावे. यांत दयेपेक्षा व्यवहारच अधिक आहे.

परंतु चौथी एक गोष्ट आहे, ती कोणत्याही खात्यास करता येणार नाही. ती तुम्हांआम्हांस करावी लागेल. गावाने परदेशी गेलेल्याची किंमत त्याने पाठविलेल्या पैशावर केली. घराला लाद्या कोणी बसविल्या, बहिणीचे लग्न कोणी थाटात केले, यावरून आपण मोठेपणा मोजला. म्हणून जो रिकाम्या हातांनी आला तो आपल्या लेखी आलाच नाही. तो घराच्या ओटीवर दिसला तरी आपण विचारतो, परत कधी जाणार? विद्यार्थिमित्रांनो, या प्रश्नात "तुझे येथे काय काम?" असा अर्थ दडलेला आहे, हे आम्हांस पन्नाशी जवळ आली तेव्हा कळले. तुम्हांस ते लवकर कळावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

तुमच्यापैकी पुष्कळजण परदेशी जाल, जा. जाण्यापूर्वी दलालाची नोंदणी आहे की नाही ते पाहा, परवाना कोणत्या कामाचा आहे ते कोणाकडून तरी वाचून घ्या, मूळ दाखला कोणाच्याही हाती ठेवू नका. आणि दैव उलटे फिरून परत यावे लागले, तर रात्रीच्या अंधाराची वाट न पाहता दिवसाउजेडी या. या शाळेच्या कचेरीत तुमच्यासाठी खुर्ची आहे. आमचा तो विद्यार्थी दाखला घेऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वायरमनचे काम शिकू लागला आहे. गेल्या महिन्यात शाळेतील दिव्यांची दुरुस्ती करावयाची होती, तेव्हा आम्ही त्यास मुद्दाम बोलावून घेतले व सर्वांसमक्ष आपल्या शेजारी बसविले. केव्हा आलास व केव्हा जाणार, हे या वेळी विचारले नाही. काम कसे चालले आहे, एवढेच विचारले. तो पुष्कळ वेळ बोलत होता.

येत्या वर्षी निबंधाचा विषय काय घालावयाचा, हे आम्ही ठरविले आहे.